कोमट पाण्याची ऊब

डिसेंबरात मुलाकडे किंवा लेकीकडे इंग्लंडला गेलेल्या आईवडिलांचा घरात शिरल्यावरचा पहिला उद्योग ठरलेला असतो. अंगावरचे जाडजूड कोट उतरवायचे आणि खिडकीखालच्या पांढऱ्या रेडिएटरवर दोन्ही तळहात टेकवायचे. हा पोलादी पत्रा एरवी चटका बसावा इतका तापलेला असतो. अलीकडे मात्र काही घरांत तो जेमतेम कोमट लागतो. "अरे, हीटर बिघडलाय का तुमचा?" असा काळजीचा प्रश्न येतो आणि मुलगा हसून भिंतीवरच्या छोट्या पडद्याकडे बोट दाखवतो. बाहेर गवतावर हिम साचलेले असते. पडद्यावर खोलीचे तापमान वीस अंश असते.

पाहुण्यांना पडलेले हे कोडे घरमालकाने काही महिन्यांपूर्वी, पैसे मोजण्याआधी, सोडवलेले असते. अर्थात ज्याने ते सोडवले नसेल, त्याला पहिल्या हिवाळ्याचे वीजबिल ते सोडवायला लावते. ब्रिटनमधील दर पाच घरांपैकी सुमारे चार घरे आजही नैसर्गिक वायूच्या बॉयलरवर तापतात. हे बॉयलर काढून त्या जागी विजेवर चालणारा हीट पंप बसवावा, यासाठी इंग्लंड व वेल्समध्ये २०२२ पासून सरकारी अनुदान मिळते. प्रारंभी हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपासाठी ते ५,००० पौंड होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ७,५०० पौंड झाले. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ ची. त्या देशात घर करून राहिलेल्या मराठी कुटुंबांची आता तिसरी-चौथी पिढी नांदते आहे आणि त्यांच्या दारातही हा प्रश्न येऊन उभा आहे. यंत्र कोणत्या कंपनीचे घ्यावे, यावर अशा घरांत बरीच चर्चा होते. खरा निर्णय मात्र वेगळाच असतो. यंत्राने तापवलेले पाणी खोलीला ऊब देणार कशातून? जुन्याच रेडिएटरांतून, नव्या मोठ्या रेडिएटरांतून, की फरशीखाली पसरलेल्या नळ्यांतून?

हीट पंप म्हणजे उलटा वापरलेला फ्रिज, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही. फ्रिज आतल्या भाजीपाल्याची उष्णता ओढून पाठीमागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडतो. हीट पंपाच्या बाबतीत परसातली थंड हवा म्हणजे फ्रिजचा आतला भाग आणि राहते घर म्हणजे त्याची पाठ. दिल्ली, चंडीगडकडे नोकरीनिमित्त राहिलेल्यांना हिवाळ्यात उलट दिशेने चालणारे 'हॉट अँड कोल्ड' एसी परिचित असतील; तत्त्व तेच. ग्लासगोचे विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, यांनी ही कल्पना १८५२ मध्येच मांडली होती. १९३८ मध्ये झुरिकच्या नगरसभागृहाला लिम्मात नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसला. १९४५ मध्ये जॉन समनर या अभियंत्याने इंग्लंडमधील नॉर्विच येथे वेन्सम नदीच्या पाण्यावर असाच पंप चालवून दाखवला आणि खर्ची पडलेल्या विजेच्या तिपटीहून अधिक उष्णता मिळवली. तेव्हा यात नवीन असे यंत्र फारसे नाही. नवीन आहे ती घराघरांत शिरण्याची त्याची धडपड.

या यंत्राचा एक स्वभाव मात्र बॉयलरपेक्षा अगदी निराळा आहे. बॉयलरला साठ अंशांचे पाणी मागा की पंचाहत्तर अंशांचे, त्याच्या खर्चात फार मोठा फरक पडत नाही. ज्वाला ती ज्वालाच. हीट पंपाचे काम मात्र उष्णता थंड जागेतून उचलून उबदार जागी चढवण्याचे आहे. चढ जितका उभा, तितकी मजुरी अधिक. बाहेर दोन अंश तापमान असताना पस्तीस अंशांचे पाणी करायचे झाल्यास भौतिकशास्त्राच्या नियमानुसार एका युनिट विजेमागे जास्तीत जास्त नऊ युनिट उष्णता मिळू शकते. तेच पाणी पंचावन्न अंशांचे हवे असेल, तर ही कमाल मर्यादा सहावर येते. प्रत्यक्षातील यंत्रे या मर्यादेच्या निम्म्याहूनही थोडी कमीच मजल मारतात. म्हणजे पहिल्या बाबतीत साधारण चौपट आणि दुसऱ्या बाबतीत जेमतेम पावणेतीनपट. पाण्याचे तापमान एक अंशाने उतरवले की कार्यक्षमता सुमारे अडीच टक्क्यांनी वाढते, असा या व्यवसायातील ठोकताळा आहे.

म्हणून रेडिएटर की तापती फरशी, हा प्रश्न मुळात पाण्याच्या तापमानाचा प्रश्न आहे. खोलीला लागणारी उष्णता ठरलेली असते. ती थोड्या जागेतून द्यायची असेल, तर पाणी कढत हवे. विस्तीर्ण जागेतून द्यायची असेल, तर कोमट पाण्यावरही भागते. छोटा रेडिएटर, मोठा रेडिएटर आणि सबंध फरशी या त्याच शिडीच्या तीन पायऱ्या आहेत.

जुना रेडिएटर आणि नवे पाणी

ब्रिटनमध्ये दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लाखो जोडघरे बांधली गेली. एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक, खाली दिवाणखाना व स्वयंपाकघर, वर तीन शयनगृहे, मागे बागेचा तुकडा. लेस्टर किंवा बर्मिंगहॅममधील असे एक घर उदाहरणादाखल घेऊ. त्याच्या पंधरा चौरस मीटरच्या दिवाणखान्यातून कडाक्याच्या दिवशी, बाहेर उणे दोन अंश असताना, ११०० वॅट उष्णता भिंती, खिडक्या व फटींवाटे निसटते असे धरू. खिडकीखाली ६०० मिलिमीटर उंच आणि १४०० मिलिमीटर लांब असा एकेरी पत्र्याचा रेडिएटर आहे. विक्रेत्याच्या पत्रकात त्याची क्षमता सुमारे १४०० वॅट दिलेली असते. वरवर पाहता हिशेब जुळतो.

परंतु पत्रकातील हा आकडा एका विशिष्ट परिस्थितीचा असतो: पाणी पंचाहत्तर अंशांवर आत शिरते, पासष्टवर बाहेर पडते आणि खोली वीस अंशांवर असते. पाणी आणि खोली यांच्या तापमानांतील सरासरी अंतर पन्नास अंशांचे. तेच पाणी पंचेचाळीसवर आत येऊन चाळीसवर परतू लागले, की हे अंतर साडेबावीस अंशांवर येते आणि रेडिएटरची क्षमता मूळ आकड्याच्या जेमतेम पस्तीस टक्के उरते. १४०० वॅटचा रेडिएटर मग ५०० वॅटही पुरते देत नाही. घर गारठते, रहिवासी पाण्याचे तापमान वाढवत नेतात, वीजबिल फुगते आणि 'हीट पंप आमच्या हवेत चालत नाहीत' असा निष्कर्ष शेजारीपाजारी पसरतो. दोष असतो तो पत्र्याच्या क्षेत्रफळाचा.

यावर उपाय फार अवघड नाही. बाजारात एकेरी, दुहेरी व तिहेरी पत्र्यांचे रेडिएटर मिळतात. त्यांना अनुक्रमे ११, २२ आणि ३३ असे क्रमांक आहेत. पहिला अंक पत्र्यांचा, दुसरा त्यांच्यामधील नागमोडी पन्हळींचा. त्याच जागेत, त्याच लांबी-उंचीचा तिहेरी रेडिएटर पंचेचाळीस अंशांच्या पाण्यावर सुमारे १२०० वॅट देतो. दिवाणखाना निभावला. दुहेरी रेडिएटर बसवल्यास पाणी पन्नास अंशांपर्यंत न्यावे लागेल, तेव्हा कुठे ११०० वॅटचा मेळ बसेल. तिहेरी रेडिएटर भिंतीपासून बराच पुढे येतो, पडद्यांच्या झालरीशी त्याचे भांडण होते आणि अरुंद बोळात तो कोपराला लागतो, हेही सांगितले पाहिजे. गृहिणींची यावरची नाराजी रास्त असते.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात येते, ती दिलासा देणारी आहे. घरातील सगळे रेडिएटर बदलावेच लागतात असे नाही. जुन्या काळी कंत्राटदारांनी अंदाजपंचे मोठे रेडिएटर बसवलेले असतात आणि नंतर माळ्यावर उष्णतारोधक थर, दुहेरी काचांच्या खिडक्या यांची भर पडून गळती कमी झालेली असते. शिवाय शयनगृह अठरा अंशांवर ठेवले, तर त्याला मागणीच कमी. म्हणून प्रत्येक खोलीचा स्वतंत्र हिशेब हवा. संपूर्ण घराला एकच ठोकळ आकडा लावून दिलेले दरपत्रक म्हणजे अर्जदाराचे उत्पन्न न पाहता मंजूर केलेले कर्ज होय. बँकेच्या माणसाला अधिक सांगायला नको.

रेडिएटरइतकेच महत्त्व त्याच्याकडे जाणाऱ्या नळांना आहे. बॉयलरच्या व्यवस्थेत पाणी बरेच निवून परतले तरी चालते. हीट पंपात ते पाचेक अंशच निवावे अशी अपेक्षा असते. साहजिकच तेवढीच उष्णता पोहोचवायला कितीतरी अधिक पाणी फिरवावे लागते. आठ किलोवॅटसाठी मिनिटाला सुमारे तेवीस लिटर. १९७० नंतरच्या अनेक ब्रिटिश घरांत तांब्याच्या आठ किंवा दहा मिलिमीटर व्यासाच्या बारीक नळ्या भिंतींतून नेलेल्या आहेत. त्यांतून एवढे पाणी नेताना पंपाची दमछाक होते आणि नळ्या कुजबुजू लागतात. अशा घरात रेडिएटर बदलण्याचा खर्च लहान आणि नळ बदलण्याचा खर्च मोठा, असे उलटे चित्र दिसू शकते. दरपत्रक मागवण्यापूर्वी नळांचा व्यास पाहून ठेवणे त्यामुळेच हिताचे.

फरशीखालची शेगडी

जमीन तापवून घर तापवण्याची रीत मात्र रेडिएटरपेक्षा फार जुनी आहे. रोमन स्नानगृहांत फरशी विटांच्या ठेंगण्या खांबांवर उचललेली असे आणि खालून भट्टीची उष्ण हवा खेळत असे. कोरियातील 'ओंडोल' घरांत चुलीचा धूर दगडी जमिनीखालून फिरवून मग धुराड्याकडे नेत. आपल्या देशात याचा नमुना पाहायचा तर काश्मीरला जावे. श्रीनगरच्या मशिदींतील आणि जुन्या हवेल्यांतील हमाम म्हणजे दगडी लाद्यांची खोली. लाद्यांखालच्या पोकळीत लाकडे पेटवतात आणि वर माणसे निवांत पाठ टेकून बसतात.

आजच्या पद्धतीत आग नाही आणि धूरही नाही. उष्णतारोधक थरावर सोळा मिलिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिक नळ्या दीड-दोनशे मिलिमीटर अंतराने नागमोडी अंथरतात आणि त्यांवर पासष्ट ते पंचाहत्तर मिलिमीटर जाडीचा सिमेंट-वाळूचा कोबा घालतात. सगळ्या नळ्यांची टोके कोपऱ्यातील एका जोडपेटीत येतात. पाणी पस्तीस ते चाळीस अंशांचे पुरते, कारण आता खोलीची सबंध जमीनच रेडिएटर झालेली असते. युरोपीय मानकानुसार वावराच्या जागी फरशीचा पृष्ठभाग एकोणतीस अंशांच्या वर जाऊ नये. लाकडी फरशीला सत्तावीसची मर्यादा पाळतात. एकोणतीस म्हणजे आपल्याकडच्या फेब्रुवारीतल्या दुपारची सावली. पण अनवाणी पावलांना ती जी सुखाची जाणीव देते, तिला तोड नाही. पाय उबदार, डोके निवांत आणि भिंती मोकळ्या. मांडी घालून बसणाऱ्या, जमिनीवर पाट मांडणाऱ्या, रांगते मूल असलेल्या घराला ही व्यवस्था विशेष मानवते, यात नवल नाही.

या व्यवस्थेचा आणखी एक गुण फारसा बोलला जात नाही. फरशी चोवीस अंशांवर आणि खोली वीसवर असेल, तर अंतर चार अंशांचे. ऊन आले, पाहुणे जमले आणि खोली बावीसवर गेली, की अंतर दोनच अंश उरते आणि फरशीतून निघणारी उष्णता आपोआप निम्मी होते. कोणतेही बटण न दाबता. चांगल्या रोधकतेच्या नव्या घरात हे फारच मोलाचे ठरते.

पण तीच फरशी गळक्या जुन्या घरात कमी पडू शकते. एकोणतीस अंशांची फरशी वीस अंशांच्या खोलीला चौरस मीटरमागे सुमारे १०० वॅट देते. त्यापलीकडे तिचा हात पोहोचत नाही. उदाहरणातील दिवाणखान्याची गरज चौरस मीटरमागे त्र्याहत्तर वॅट आहे. म्हणजे फरशी सत्तावीस अंशांच्या आसपास ठेवावी लागेल. दगडी लादीला चालेल, लाकडाला अगदी काठावर. त्यात चार चौरस मीटर जागा कपाटांनी व बैठ्या फळ्यांनी व्यापली, की उरलेल्या जमिनीला एकोणतीसची मर्यादा गाठावी लागते. अशा घरात फटी बुजवणे, माळा व भिंती यांना रोधक थर देणे, हे काम नळ्या अंथरण्याच्या आधीचे. नंतर करू म्हटले तर नंतर फरशी उघडता येत नाही.

जुन्या ब्रिटिश घरांची जमीन पुष्कळदा लाकडी तुळयांवर उभारलेली असते आणि खाली हवा खेळती राहावी म्हणून पोकळी ठेवलेली असते. तेथे जड कोबा घालता येत नाही. फळ्या उचकटून तुळयांमध्ये रोधक भरावा लागतो आणि नळ्या अॅल्युमिनियमच्या पन्हळी पत्र्यांत बसवाव्या लागतात. पंधरा-वीस मिलिमीटर जाडीच्या, खाचा पाडलेल्या तयार पाट्याही मिळतात. पण त्या खाली पुरेसा रोधक थर नसताना वापरल्या, तर घराइतकीच जमिनीखालची मातीही तापते. जमिनीची पातळी वाढली की दारे तासावी लागतात आणि जिन्याची पहिली पायरी बुटकी होते. ही बुटकी पायरी कागदावरच्या आराखड्यात कोणाच्याच लक्षात येत नाही. पुढे वर्षानुवर्षे पावलांच्या मात्र लक्षात राहते.

कोबा घातलेल्या घरात आणखी एका गोष्टीची तयारी हवी. सिमेंटचा कोबा दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाळतो आणि पन्नास मिलिमीटरपुढे ही गतीही मंदावते. पासष्ट मिलिमीटरसाठी दोन महिन्यांहून अधिक थांबावे लागते. घाई करून वर लाकडी फरशी ठोकली, तर खालचा ओलावा तिला फुगवतो. या काळात कुटुंबाने राहायचे कोठे, हा प्रश्न दरपत्रकात नसतो.

गालिचा हा ब्रिटिश घराचा जिव्हाळ्याचा विषय आहे आणि आपल्या मंडळींनाही सतरंजी-चटईचा सोस असतोच. जाड गालिचा म्हणजे फरशीवर पांघरलेली दुलई. गालिचा व त्याखालचा अस्तरथर मिळून दीड टॉगच्या वर जाऊ नये असा संकेत आहे. टॉग हे तेथील दुलयांची ऊब मोजण्याचे माप आहे. दिवाळीला बैठक घालायला एका संध्याकाळपुरती सतरंजी अंथरली, तर काही बिघडत नाही. ती तेथेच कायमची राहिली, तर खोली का तापत नाही याचा शोध दुसऱ्याच ठिकाणी घेतला जातो.

वहीवरचा हिशेब

ऊब मोजता येत नसली, तरी तिचे बिल मोजता येते. ऑफजेम या ब्रिटिश नियामक संस्थेने २०२५ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीसाठी ठरवलेल्या कमाल दरांनुसार विजेचे एक युनिट सुमारे २६ पेन्सना आणि वायूचे सुमारे ६.३ पेन्सना पडत होते. हे दर दर तीन महिन्यांनी बदलतात. परंतु वीज वायूच्या चौपट महाग, हेच त्या देशातील हीट पंपाच्या वाटेतले खरे कोडे होऊन बसले आहे.

उदाहरणातील घराला वर्षाला १२,००० युनिट उष्णता लागते असे धरू. अठ्ठ्याऐंशी टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरला त्यासाठी सुमारे १३,६०० युनिट वायू, म्हणजे ८६० पौंडांच्या आसपास खर्च येईल. जुने रेडिएटर तसेच ठेवून हीट पंपाचे पाणी पंचावन्न अंशांवर चालवले आणि वर्षाची सरासरी २.८ पट पडली, तर विजेचा खर्च सुमारे १,११५ पौंड. बॉयलरपेक्षा अडीचशे पौंड अधिक! रेडिएटर मोठे करून पंचेचाळीस अंशांवर आले आणि सरासरी ३.६ झाली, तर ८६७ पौंड, बरोबरी झाली. सबंध घराच्या फरशीखाली नळ्या घालून अडतीस अंशांवर ४.२ पट मिळवली, तर ७४३ पौंड. वायूची जोडणी कायमची तोडल्यास तिचा स्थिर आकार वाचतो, तो वर्षाला शंभराहून अधिक पौंडांचा.

हे आकडे नमुन्याचे आहेत, पण २.८ हा आकडा काही केवळ कल्पनेतला नाही. ब्रिटिश सरकारच्या पुरस्काराने ७४२ घरांत हीट पंप बसवून त्यांचे मोजमाप घेण्यात आले, तेव्हा हवेवरच्या पंपांची मध्यम कामगिरी जवळपास इतकीच भरली. त्यातही घराघरांत मोठी तफावत होती. तीच हवा, त्याच प्रकारची यंत्रे. फरक होता तो आखणीत आणि बसवणुकीत.

आता पुढची पायरी. आठ-दहा रेडिएटरांपैकी निम्मे बदलण्यास समजा १,५०० पौंड लागले, तर पंचावन्नवरून पंचेचाळीसवर येताना वर्षाला वाचणारे सुमारे अडीचशे पौंड ती रक्कम सहा वर्षांत परत करतात. त्याच घरात सबंध जमीन उखडून नळ्या घालण्याचा जादा खर्च समजा ६,००० पौंड आला, तर पंचेचाळीस आणि अडतीस यांच्यातील वार्षिक बचत आहे सव्वाशे पौंडांची. रक्कम वसूल व्हायला जवळजवळ अर्धे शतक! व्याज धरलेले नाही. राहत्या, फरशी धडधाकट असलेल्या जुन्या घरासाठी केवळ बिल कमी व्हावे म्हणून जमीन उखडणे हा व्यवहार होत नाही. पायांच्या सुखासाठी उखडली, तर ती हौस आहे, आणि हौसेला मोल नसते हे मान्य. फक्त तिची नोंद गुंतवणुकीच्या खात्यात करू नये.

गणित उलटते ते दोन प्रसंगी. नवे घर बांधताना कोबा तसाही घालायचाच असतो, त्यात नळ्या घालण्याचा खर्च तुलनेने थोडा आणि भिंतींवरचे रेडिएटर वाचतात. दुसरा प्रसंग घराच्या मागे नवे प्रशस्त स्वयंपाकघर काढण्याचा. ब्रिटनमधील मध्यमवर्गाची ही आवडती सुधारणा आहे आणि बागेकडे काचेची रुंद दारे असल्याने तेथे रेडिएटर लावायला भिंतच उरत नाही. तळमजल्याची जमीन उघडलेलीच असेल, तर नळ्या घालून घ्याव्यात.

मात्र अशा मिश्र घरात एक खड्डा असतो आणि पुष्कळजण त्यात पडतात. खाली फरशीला अडतीस अंशांचे पाणी हवे, वरच्या जुन्या रेडिएटरांना पंचावन्नचे. यंत्र एकच. ते बिचारे सगळेच पाणी पंचावन्नवर चढवते आणि फरशीकडे जाताना एक झडप त्यात परतीचे निवलेले पाणी मिसळून ते पुन्हा अडतीसवर आणते. चढावर ओझे नेऊन निम्मे वाटेत टाकून द्यावे, तसा हा प्रकार. फरशीसाठी मोजलेले पैसे अशाने वाया जातात. म्हणून खाली नळ्या घालायच्या ठरल्या, की त्याच वेळी वरचे रेडिएटरही चाळीस अंशांवर चालतील असे निवडावेत. शयनगृहांना अठरा अंश पुरत असल्याने हे अशक्य नसते: एक मीटर लांबीचा दुहेरी रेडिएटर चाळीसच्या पाण्यावर सुमारे ५०० वॅट देतो आणि बेताच्या आकाराच्या, दुहेरी काचांच्या शयनगृहाला तेवढे बहुधा पुरते.

अनुदानासाठी यंत्र बसवणारी संस्था एमसीएस या प्रमाणपत्र योजनेत नोंदलेली असावी लागते आणि अनुदानाची रक्कम कामाच्या बिलातून तीच वजा करते. तिच्याकडून खोलीवार उष्णतागळतीचा तक्ता, प्रत्येक रेडिएटरचे ठरवलेल्या तापमानावरचे उत्पादन आणि ते ठरवलेले तापमान, हे तिन्ही लेखी मागावे. इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून नव्या किंवा पूर्णपणे बदललेल्या व्यवस्थेसाठी पाण्याचे तापमान पंचावन्नच्या वर जाऊ नये असा बांधकाम नियम आहे. म्हणजे पंचावन्न ही नियमाची कमाल मर्यादा झाली, चांगल्या आखणीची खूण नव्हे. दरपत्रकात तो आकडा दिसला, तर पंचेचाळीससाठी काय बदलावे लागेल आणि त्याला किती पडतील, एवढे विचारायला हरकत नाही. मार्च २०२७ अखेरपर्यंत या कामावर मूल्यवर्धित करही शून्य आहे.

यंत्र बसले, की बॉयलरच्या काळातल्या सवयी आड येतात. सकाळी दोन तास, संध्याकाळी चार तास असे घड्याळ लावून घर तापवण्याची तेथे रीत आहे. हीट पंपाला हे मानवत नाही आणि कोब्याच्या फरशीला तर मुळीच नाही. ती तापायला कित्येक तास घेते आणि निवायलाही. भडक्या आचेवर दूध उतू जाते, मंद आचेवर ते आटते. मंद, अखंड आच हाच या यंत्राचा धर्म असल्याने ते दिवसभर कमी तापमानावर चालू ठेवावे लागते. खोल्याखोल्यांतील झडपा सतत उघडझाप करत राहिल्या, तर फिरते पाणी अपुरे पडून यंत्र वारंवार बंद-चालू होते. बाहेर थंडी वाढली की पाण्याचे तापमान आपोआप चढवणारे आणि ऊन पडले की उतरवणारे नियंत्रण बहुतेक यंत्रांत असते. ते बसवताना सुरू करून घ्यावे. आणि हो, ओले टॉवेल आणि शाळेचे मोजे वाळवण्याची ब्रिटिश घरांतली ठरलेली जागा म्हणजे रेडिएटर. कोमट रेडिएटरवर ते उशिरा वाळतात आणि तापत्या फरशीच्या घरात तर ती जागाच नसते. न्हाणीघरात टॉवेलचा एक उभा रेडिएटर ठेवण्याचा आग्रह घरातील बायकाच धरतात, तो मोडू नये.

पहिल्या हिवाळ्यात पाण्याचे तापमान दर आठवड्याला एकेक अंशाने उतरवत जायचे. बहुतेक खोल्यांना पत्ताही लागत नाही. मग कधीतरी थंडीच्या लाटेत उत्तरेकडची एखादी खोली कुरकुरते, तेथे झोपणारा शाळकरी मुलगा सकाळी स्वेटर घालून खाली येतो. त्या दिवशी एक अंश परत वर. तो आकडा वहीत लिहून ठेवायचा. पुढच्या वर्षी आईवडील आले आणि रेडिएटरवर हात ठेवून पुन्हा तोच प्रश्न विचारू लागले, की वही त्यांच्यापुढे धरायची.